क्षितिज नावाचा उपग्रह

सोविएत संघाच्या कारभारात काव्य फारसे उरले नव्हते असे आपण समजतो. पण त्यांनी आपल्या उपग्रहांना दिलेली नावे पाहिली की थोडे थबकायला होते. पहिला तो स्पुत्निक, म्हणजे सहप्रवासी. मग आली मोल्निया, म्हणजे वीज. राडुगा म्हणजे इंद्रधनुष्य, एक्रान म्हणजे पडदा, आणि गोरिझोंट म्हणजे क्षितिज. ही शेवटची चार नावे दूरसंचार उपग्रहांची. त्यांतल्या 'क्षितिजा'ची ही हकिगत आहे. १९७८ ते २००० या बावीस वर्षांत या नावाचे तीसहून अधिक उपग्रह एकामागून एक वर गेले. मॉस्कोचा आवाज आणि मॉस्कोचे चित्र देशाच्या टोकापर्यंत पोहोचवायचे, एवढ्यासाठी ते घडवलेले होते. त्यांतल्याच काहींवरून पुढे दक्षिण भारतातल्या भाषा बोलू लागल्या. एका साम्राज्याने आपल्या एकसुरी आवाजासाठी बांधलेली यंत्रे दुसऱ्यांच्या मातृभाषांच्या कामी कशी आली, हे आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या माणसांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

आधी थोडे आकाशाचे गणित. विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला एक फेरी पुरी करायला २३ तास ५६ मिनिटे लागतात. पृथ्वीही स्वतःभोवती तेवढ्याच वेळात फिरते. म्हणून जमिनीवरून पाहणाऱ्याला तो उपग्रह आकाशात एका जागी खिळल्यासारखा भासतो. आर्थर क्लार्क या इंग्रज लेखकाने १९४५ साली 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात हे मांडले आणि असे तीन उपग्रह सगळ्या पृथ्वीला पुरतील असे सांगितले. अमेरिकेने १९६३-६४ मध्ये सिनकॉम मालिकेने ते करून दाखवले. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकची चित्रे सिनकॉम-३ वरून पॅसिफिक ओलांडून गेली. पुढच्याच वर्षी 'अर्ली बर्ड' अटलांटिकवर स्थिर झाला.

मग जगातला पहिला उपग्रह सोडणारे, पहिला माणूस अंतराळात धाडणारे रशियन कुठे होते? भूस्थिर कक्षेत त्यांचा पहिला दूरसंचार उपग्रह पोहोचला तो १९७४ साली, अमेरिकेनंतर तब्बल दहा वर्षांनी. याचे कारण अज्ञानात नव्हते, भूगोलात होते. विषुववृत्तावर टांगलेला उपग्रह बेळगावहून पाहिला तर जवळजवळ डोक्यावर असतो. पण सायबेरियाच्या उत्तर टोकाहून तो जमिनीला टेकलेला दिसतो. एखादी टेकडी, झाडांची रांग आडवी आली तरी संपले. शिवाय रशियनांचे बैकोनूरचे प्रक्षेपण केंद्र सुमारे ४६ अंश उत्तरेला. तिथून निघालेल्या यानाची कक्षा वळवून विषुववृत्ताच्या पातळीत आणायची तर इंधन भरमसाट जळते. त्यासाठी प्रोटॉनसारखा अवजड अग्निबाणच हवा.

तोपर्यंत त्यांनी वेगळीच युक्ती काढली. २३ एप्रिल १९६५ रोजी सोडलेल्या मोल्नियाची कक्षा लांबोड्या अंड्यासारखी होती. एका टोकाला ती पृथ्वीपासून काही शे किलोमीटरवर येई आणि दुसऱ्या टोकाला, उत्तर गोलार्धावर, चाळीस हजार किलोमीटरपर्यंत जाई. लांब टोकाशी उपग्रहाची चाल मंदावते. त्यामुळे बारा तासांच्या फेरीतले सुमारे आठ तास तो उत्तरेकडच्या मुलखावर रेंगाळल्यासारखा राही. एक खाली उतरू लागला की दुसरा वर चढलेला असे. ही कल्पना इतकी नेटकी आहे की रशियनांनी ती नंतरही टाकून दिली नाही. तिची अडचण एवढीच, की उपग्रह आकाशात सरकत असल्याने जमिनीवरच्या अँटेनालाही त्याच्या मागे मान वळवावी लागे. बारा मीटर व्यासाची ती अवाढव्य थाळी गोल इमारतीच्या माथ्यावर बसवत. अशा सुमारे वीस केंद्रांचे 'ऑर्बिता' जाळे १९६७ च्या नोव्हेंबरात, क्रांतीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा मुहूर्त साधून, सुरू झाले. शहरांना ते परवडले. पाचशे वस्तीच्या खेड्यासाठी बारा मीटरची थाळी कोण बसवणार?

हे सगळे उपग्रह जिथे घडत, त्या गावाचे नाव नकाशावर नव्हते. येनिसेई नदीच्या काठी, क्रास्नोयार्स्क शहरापासून काही अंतरावर १९५० साली एक गाव वसवले गेले. डोंगर पोखरून त्याच्या पोटात प्लुटोनियम तयार करणाऱ्या अणुभट्ट्या बसवल्या होत्या. गाव तारेच्या कुंपणात, परवान्याशिवाय कोणी आत जायचे नाही, आणि पत्ता म्हणून नुसता आकडा: क्रास्नोयार्स्क-२६. याच गावी १९५९ मध्ये कोरोल्योव्ह यांच्या संस्थेची एक शाखा निघाली आणि तिची सूत्रे मिखाईल रेशेत्न्योव्ह या पस्तिशीच्या इंजिनिअरकडे आली. १९९६ च्या जानेवारीत मृत्यू येईपर्यंत हा माणूस तिथेच राहिला. देशातल्या घराघरांतल्या पडद्यावर जे चित्र उमटे, ते त्याच्या हातून गेलेले असे. पण त्याचे नाव त्या घरांना वर्षानुवर्षे माहीत नव्हते. आज गावाला झेलेझ्नोगोर्स्क हे नाव आहे आणि संस्थेला रेशेत्न्योव्ह यांचे.

प्रोटॉन हाती आल्यावर मात्र रशियनांनी वेळ घालवला नाही. १९७५ च्या डिसेंबरात राडुगा गेला. तो मुख्यतः सरकारी आणि लष्करी संदेशांसाठी. २६ ऑक्टोबर १९७६ रोजी एक्रान गेला, ९९ अंश पूर्व रेखांशावर. एक्रानची कल्पना मला या सगळ्यांत अधिक माणुसकीची वाटते. त्याचा प्रक्षेपक एवढा जोरकस ठेवला, की खाली साधी, घराच्या छपरावर असते तशीच पण थोडी मोठी, दांड्यादांड्यांची अँटेना पुरावी. जिथे ऑर्बिताची थाळी कधीच गेली नसती, अशा सायबेरियातल्या वस्त्यांना टीव्ही दिसू लागला तो त्याच्यामुळे.

योगायोग असा, की आपल्याकडेही त्याच वेळी असाच प्रयोग चालला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह भारताने मागून घेतला होता आणि सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत 'साइट' प्रकल्पाचे कार्यक्रम दिसत होते. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तीन मीटरच्या छत्र्या त्यासाठी बनवल्या होत्या. आपल्या शेजारच्या विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतली खेडी त्यात होती. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि छत्र्या उरल्या. त्यानंतर तीनच महिन्यांत एक्रान वर गेला. रशियनांचे मात्र मागून आणलेले नव्हते.

गोरिझोंट या कुटुंबातला अष्टपैलू मुलगा. टेलिफोन, तार, रेडिओ, टीव्ही, समुद्रावरच्या जहाजांशी बोलणे, सगळे एकाच पेटीत. पहिला १९ डिसेंबर १९७८ रोजी सोडला. तो हव्या त्या कक्षेत नीट बसलाच नाही. पुढचे बसले, आणि १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकची चित्रे जगभर पाठवण्याच्या कामात ते होते. वजन दोन टनांच्या वर. त्यावरच्या एका जोरकस वाहिनीमुळे खाली अडीच मीटरची थाळी पुरे होई, आणि ती फिरवावी लागत नसे.

त्याच्या बांधणीत रशियन स्वभाव दिसतो. अमेरिकनांनी उपग्रहातली यंत्रे उघड्या निर्वात पोकळीत टिकतील अशीच घडवली. रशियनांनी सरळ हवाबंद पिंप घेतले, त्यात वायू भरला, यंत्रे आत ठेवली आणि वायू खेळता ठेवून ती गार केली. यात भाग साधे वापरता येतात. पण वजन वाढते, आणि पिंप गळले किंवा आतला वायू फिरायचा थांबला की उपग्रहाचा शेवट. म्हणून गोरिझोंटचे अपेक्षित आयुष्य तीन-चार वर्षांचेच. रशियनांना त्याची खंत नव्हती. दर वर्षी एक-दोन नवे करून वर पाठवायचे, जुना थकला की नवा जागेवर. कारखाना चालू, अग्निबाण तयार, पैसा सरकारचा.

त्या देशात अकरा कालविभाग होते. मॉस्कोत रात्रीचे नऊ वाजत तेव्हा कामचात्का द्वीपकल्पात दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडलेली असे. म्हणून मध्यवर्ती टीव्हीचा कार्यक्रम दोन-दोन तासांच्या फरकाने वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी उपग्रहांवरून पुन्हा पुन्हा पाठवत. 'व्रेम्या' म्हणजे 'वेळ' या नावाच्या बातम्या अशा रीतीने पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत जात. निवेदक तोच, वाक्ये तीच. याकुत, बुर्यात, तातार अशा कितीतरी भाषा बोलणाऱ्यांच्या घरांत संध्याकाळी रशियन बोलणारा एकच चेहरा येऊन बसे. राज्यकर्त्यांना हवे होते तेच उपग्रहांनी केले.

१९ ऑगस्ट १९९१ रोजी त्याच जाळ्यावरून एक वेगळी गोष्ट गेली. गोर्बाचोव्ह यांना नजरकैदेत टाकून काही पुढाऱ्यांनी सत्ता बळकावली होती. दिवसभर पडद्यावर 'स्वान लेक' हा बॅले दाखवला जात होता. संध्याकाळच्या 'व्रेम्या'त मात्र एका वार्ताहराचा वृत्तांत निसटून आला आणि रणगाड्यावर उभे राहून बोलणारे येल्त्सिन देशभर दिसले. बंड तीन दिवसांत कोसळले. वर्ष संपता संपता सोविएत संघही. वरचे उपग्रह मात्र फिरत राहिले. त्यांचा मालक कोण, पगार कोण देणार, नवे कोणाच्या पैशाने बांधायचे, याचे उत्तर कुणापाशी नव्हते. रेशेत्न्योव्हच्या कारखान्याला डॉलर हवे होते, आणि विकण्यासारखे त्याच्याकडे एकच होते.

गिऱ्हाईक आले तेही नवलाचे. पॅसिफिकमधले टोंगा हे जेमतेम लाखभर वस्तीचे राज्य. भूस्थिर कक्षेत जागा मोजक्या. त्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे नोंदवाव्या लागतात आणि प्रथम येईल त्याचा हक्क आधी. विषुववृत्तावरच्या आठ देशांनी १९७६ मध्ये बोगोटा येथे जमून आमच्या डोक्यावरचे आकाश आमचेच असे जाहीर केले होते. ते कुणी मानले नाही. टोंगाने तक्रार केली नाही, अर्ज केला. १९८८ मध्ये सोळा जागा मागितल्या. मोठ्या देशांनी आणि इंटेलसॅटने आरडाओरड केली, ज्याच्याकडे एकही उपग्रह नाही त्याला जागा कशाला म्हणून. अखेर सहा मिळाल्या. राजकन्या पिलोलेवू यांच्या टोंगासॅट कंपनीने त्या भाड्याने द्यायला काढल्या. हा सट्टा होता यात शंका नाही. पण बड्यांनी आखलेल्या नियमांतूनच एका बेटाने वाट काढली हे पाहून मौज वाटते.

जागा टोंगाची, उपग्रह रशियाचा, आणि मध्ये उभी राहिली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली रिमसॅट ही छोटी कंपनी. १९८९ च्या जानेवारीत सोडलेला, आपले अपेक्षित आयुष्य संपवून बसलेला एक गोरिझोंट १९९३ मध्ये सरकवून १३४ अंशांवर आणला गेला. त्याच जागेवर इंडोनेशियानेही दावा सांगितला आणि काही काळ दोघांची जुंपली. १९९३ च्या मे महिन्यात एक गोरिझोंट घेऊन निघालेला प्रोटॉन वाटेतच कोसळला. इंधनात भेसळ निघाली. तरी त्या नोव्हेंबरात आणि पुढच्या मे महिन्यात दोन कोरे गोरिझोंट रिमसॅटसाठी वर गेले. कंपनीने १९९५ मध्येच दिवाळे काढले आणि भागीदारांची भांडणे कोर्टात गेली. वरच्या उपग्रहांना अर्थातच त्याचा पत्ता नव्हता.

आता आपल्याकडे या. १९९१ च्या आखाती युद्धाने भारतातल्या शहरांत केबल आणली, त्याच वर्षी स्टार आली, १९९२ च्या गांधी जयंतीला झी. या वाहिन्या एशियासॅट-१ वर होत्या आणि तिथल्या जागेवर स्टारचा ताबा होता. ज्यांना तिथे जागा मिळाली नाही किंवा परवडली नाही, ते रशियनांच्या दारी गेले. एटीएन ही हिंदी सिनेमावर जगणारी वाहिनी अशीच रशियन उपग्रहावरून दिसू लागली. १९९३ मध्ये शशीकुमार यांनी मल्याळममधली पहिली उपग्रह वाहिनी एशियानेट काढली, तीही रशियन उपग्रहाच्याच आधाराने. दक्षिणेतल्या आणखी काही भाषिक वाहिन्या त्याच रांगेत उभ्या राहिल्या.

कायदा तेव्हाही १८८५ चा तार कायदा. भारतीय भूमीवरून उपग्रहाकडे चित्र पाठवण्याचा अधिकार खासगी वाहिन्यांना नव्हता. म्हणून कार्यक्रम इथे चित्रित व्हायचे, टेपा विमानात बसून परदेशी जायच्या, तिथून त्या आकाशात चढायच्या आणि पुन्हा इथल्याच घरांत उतरायच्या. त्रिवेंद्रमहून त्रिचूरला चित्र पाठवायला परदेशाची वाट! सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निर्णय दिला. प्रत्यक्ष दारे उघडायला त्यानंतर आणखी काही वर्षे गेली.

त्या काळातल्या केबलवाल्यांना या उपग्रहांचा आणखी एक गुण ठाऊक होता. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने भूस्थिर उपग्रहाची कक्षा दर वर्षी जवळपास एक अंशाने कलत जाते. पाश्चात्त्य उपग्रह इंधन जाळून ती सरळ करत राहतात. गोरिझोंटमध्ये ती सोयच नव्हती. त्यामुळे तो रोज आकाशात उत्तर-दक्षिण असा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हेलकावे खाई. उपग्रह जितका जुना, तितका हेलकावा मोठा. गच्चीवर छत्री पक्की बांधून ठेवली तर सकाळी लख्ख दिसणारे चित्र संध्याकाळी मुंग्यांनी भरे. मग कुणीतरी वर जाऊन छत्री दोन बोटे हलवायची, खाली उभा असलेल्याने ओरडून सांगायचे, आले की नाही आले. मोल्नियाच्या वेळी रशियनांनी बारा मीटरच्या थाळीला मोटर लावून जे केले, ते इथे दोन पोरांनी हाताने केले. स्वस्तात घेतलेल्या वस्तूची किंमत कुठेतरी चुकवावीच लागते.

आणि मराठी? मराठी या वाटेने गेली नाही. दूरदर्शनची मराठी वाहिनी, पुढे जिचे नाव सह्याद्री झाले, १५ ऑगस्ट १९९४ रोजी इन्सॅटवर सुरू झाली. पहिली खासगी मराठी वाहिनी, अल्फा, आली ती १५ ऑगस्ट १९९९ ला. ई-टीव्ही मराठी त्याच्या पुढच्या वर्षी. मल्याळमच्या मागोमाग सहा वर्षांनी. मुंबईतले भांडवल हिंदीत गुंतले होते, आणि मराठी माणूस हिंदी बघतोच, मग वेगळा खर्च कशाला, असा हिशेब असावा असे मला वाटते. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्या हिशेबात बेळगाव, इंदूर, बडोदे, हैदराबाद कुठेच नव्हते. जमिनीवरचे मनोरे राज्याराज्यांत वाटलेले होते आणि प्रादेशिक कार्यक्रम ज्या त्या राजधानीच्या भाषेतून येत. राज्याबाहेरच्या मराठी घरात मराठी बातमी यायची तर ती पोस्टाने किंवा एस.टी.च्या टपावरून येणाऱ्या वर्तमानपत्रातून. उपग्रहाचा झोत मात्र राज्याची हद्द ओळखत नाही. एकाच छत्रीतून कन्नड आणि मराठी शेजारी शेजारी उतरू लागल्या. घरातल्या म्हाताऱ्यांना मराठी, मुलांना शाळेतली कन्नड, आणि रिमोट कुणाच्या हाती यावरून तंटा. सीमाभागातल्या तंट्यांत हा त्यातल्या त्यात गोड.

शेवटचा गोरिझोंट २००० च्या जूनमध्ये वर गेला. एक्रानचे शेवटचे भावंड २००१ साली गेले आणि २००९ पर्यंत टिकले. त्यांच्या जागी एक्स्प्रेस नावाचे, अधिक दीर्घायुषी उपग्रह आले. जुन्यांचे पुढे काय झाले? एवढ्या उंचीवर हवा नाही, त्यामुळे ते खाली पडत नाहीत. आताचे उपग्रह मरायच्या आधी आणखी वर ढकलून देतात. जुन्या सोविएत उपग्रहांतले अनेक जिथे थकले तिथेच सोडून दिलेले आहेत. आणि पृथ्वीचे विषुववृत्त हे अगदी गोल वर्तुळ नाही, किंचित लंबगोल आहे. त्यामुळे भूस्थिर कक्षेत दोन खोलगट जागा तयार होतात, जिकडे बेवारस उपग्रह घरंगळत येतात आणि परातीतल्या गोटीसारखे वर्षानुवर्षे मागेपुढे झुलत राहतात. एक जागा पश्चिम गोलार्धात १०५ अंशांच्या आसपास आहे. दुसरी ७५ अंश पूर्व रेखांशावर.

नकाशा काढून पाहा. धारवाड जवळजवळ नेमके ७५ अंशांवर आहे. बेळगाव अर्ध्या अंशाने पश्चिमेला, विजापूर आणि इंदूर पाऊण अंशाच्या आसपास पूर्वेला. बेळगावच्या गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले आणि नजर सुमारे ७१ अंश वर उचलली, की त्या खोलगट जागेकडेच आपण पाहत असतो. क्रास्नोयार्स्क-२६ मधून निघालेली ती जुनी हवाबंद पिंपे तिथे झोके घेत असतात. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाहीत.